सांगलीतली चित्रपट-मालिका : नायिकांचे आठ रविवार

गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एका सभागृहात एका हौशी चित्रपट मंडळाने 'लोकप्रिय चित्रपटांतील स्त्री' या विषयावर आठ रविवारांची मालिका घेतली. आधी अर्ध्या तासाचे प्रास्ताविक, मग चित्रपट, मग चहा आणि शेवटी चर्चा असे तिचे स्वरूप होते. आठ रविवारांची वर्गणी 800 रुपये होती आणि स्त्रियांना व विद्यार्थ्यांना ती निम्मी, म्हणजे 400 रुपये होती. मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघींनी पैसे भरले आणि मिरजेहून एसटीने येऊन-जाऊन आठही रविवार पुरे केले, तेव्हा या मालिकेविषयी चार शब्द लिहिण्याचा हक्क आम्हाला आहे असे मी धरून चालते. मंडळाचे नाव देत नाही, कारण ज्या उणिवा सांगणार आहे त्या एका बैठकीत दूर होण्याजोग्या आहेत आणि अशी मालिका घेणारे दुसरे कोणी आमच्या भागात माझ्या तरी पाहण्यात नाही.

सुरुवात वेळेपासून करते, कारण विषयाशी सर्वांत जवळचा संबंध वेळेचाच होता. पहिले चार रविवार कार्यक्रम सकाळी दहा ते दीड असा ठेवलेला होता. रविवारी सकाळी आमच्याकडच्या घरांत काय चालते हे ज्याला ठाऊक आहे त्याने ही वेळ ठरवली नसती. आठवड्याचे धुणे, मटणाचा वा निदान नेहमीपेक्षा मोठा स्वयंपाक, आलेला पाहुणा, मुलांचे डोके धुणे, हे सगळे त्याच साडेतीन तासांत बसवायचे असते. स्त्रियांना वर्गणीत सवलत देणाऱ्यांनी वेळेत सवलत दिली नाही. पहिल्या रविवारी पन्नासएक प्रेक्षकांत मी स्त्रिया मोजल्या, त्या अकरा होत्या; चौथ्या रविवारी सहा उरल्या, आणि त्या सहांतल्या दोघी आम्हीच होतो. चौथ्या रविवारच्या चर्चेत एका मुलीने हा प्रश्न उभा राहून विचारला, आयोजकांनी तो मनावर घेतला आणि पाचव्या रविवारपासून दुपारी तीनची वेळ केली. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. आयोजकांनी हट्ट धरला नाही हे त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवते.

सभागृह बरे होते. प्लास्टिकच्या खुर्च्या दोन तासांनंतर पाठीला जाणवतात, खिडक्यांचे पडदे अपुरे असल्यामुळे सकाळच्या खेळांत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर उन्हाची तिरीप येत असे, पण प्रोजेक्टर चांगला होता आणि वीज गेल्यावर जनित्र दोन मिनिटांत चालू होई. खरी तक्रार स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची आहे. त्याला कुलूप असायचे आणि किल्ली पहारेकऱ्याकडे. पहारेकरी मध्यंतरात चहाला गेलेला असला की पाचसहा बायका दारात उभ्या, आणि आत सभागृहात स्त्रीच्या अवकाशाविषयी चर्चा सुरू झालेली. पुरुषांच्या स्वच्छतागृहाला कुलूप नव्हते. सहाव्या रविवारी किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली दिसली, पुढच्या रविवारी ती पुन्हा पहारेकऱ्याच्या खिशात गेली.

पहिला रविवार प्रास्ताविकाचा होता. व्याख्याते एक निवृत्त प्राध्यापक होते, तयारी करून आलेले आणि आवाज चांगला असलेले. विष्णुदास भावे यांचे 'सीता स्वयंवर' 1843 मध्ये सांगलीच्या दरबारात झाले आणि त्यातली सीता पुरुषच होता, हे सांगताना सांगलीकराचा आवाज थोडा चढणारच. तिथून ते थेट 1913 वर आले. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती अण्णा साळुंखे यांनी केली, कारण पडद्यावर उभी राहायला बाई मिळेना. हेच साळुंखे आधी एका उपाहारगृहात काम करत, आणि पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. ही गोष्ट सांगून प्राध्यापकांनी सभागृह हसवले. चित्रपटाचा उरलेला तुकडाही दाखवला. मात्र त्याच 1913 साली फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती म्हणून आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी म्हणून पडद्यावर आल्या, हे त्यांनी एका वाक्यात उरकले. मला तेच वाक्य जास्त वेळ ऐकायचे होते. आपल्या पडद्यावर बाई आली ती एकटी आली नाही, मायलेकी मिळून आल्या. मुलगी मोहिनी होऊन नाचत असताना तिच्या शेजारी तिची आई उभी होती, आणि ती आई बरोबर नसती तर मुलगी त्या आवारात आली असती का, असा प्रश्न माझ्या मनात आला. सगळी मालिका संपेपर्यंत तो मला सोडून गेला नाही, आणि मालिकेने तो एकदाही विचारला नाही.

कारण मालिकेची आखणीच नायिकांची होती. प्रत्येक रविवारी एक छापील पान मिळे. त्यावर त्या दिवसाच्या नायिकेचे एकेक विशेषण ठरलेले असे : बंडखोर, नर्तकी, कर्ती, सोशिक, बेधडक. पानाच्या तळाशी एक छोटा तक्ता असे. अमेरिकेतल्या व्यंगचित्रकार ॲलिसन बेख्डेल यांच्या 1985 च्या एका चित्रपट्टीतून आलेली ती तीन प्रश्नांची कसोटी होती : चित्रपटात किमान दोन स्त्रिया आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाविषयी बोलतात का. ही कल्पना आपल्या एका मैत्रिणीची असल्याचे बेख्डेल यांनी सांगितले आहे, तेही मला आवडले. आपण बरोबर किंवा चूक अशी खूण करायची आणि पान परत द्यायचे. कसोटी सोपी आहे, पोरांना समजते, वाद पेटवते. पण तिला दुसरी बाई लागते, आणि मालिकेचे व्याख्यान पहिल्या बाईपुढे जायला तयार नव्हते, त्यामुळे पानाचा वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांशी भांडत असत. शिवाय त्या पानावर नटनट्यांची यादी देताना सगळीकडे नायकाचे नाव आधी छापलेले होते, अगदी 'कुंकू'च्या पानावरसुद्धा.

'कुंकू' दुसऱ्या रविवारी होता. व्ही. शांताराम यांचा प्रभातचा हा 1937 चा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आहे. पैशांसाठी म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावून दिलेली नीरा त्या नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटे यांचा तो ताठ मानेचा अभिनय आजही जुना वाटत नाही. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा ती त्याला छडीने फोडून काढते त्या प्रसंगाला सभागृहात टाळ्या पडल्या. या रविवारचे व्याख्यान मालिकेतले सर्वांत चांगले होते, कारण प्राध्यापकांनी नीरेच्या शेजारी हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची शारदा आणून बसवली. हरिपूर सांगलीहून चालत जाता येईल इतके जवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर. 'शारदा' नाटक 1899 चे. विषय तोच, म्हातारा नवरा आणि विकलेली मुलगी. फरक असा, की शारदेचे लग्न मोडते ते वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीला आल्यामुळे, म्हणजे एका शास्त्रार्थाने. नीरेचे लग्न लागते, आणि मग ती स्वतःच्या नकाराने ते निकामी करते. अडतीस वर्षांत नकार शास्त्राच्या तोंडून बाईच्या तोंडी आला, हे त्यांचे वाक्य मी वहीत टिपून घेतले. मधल्या काळात 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला होता. त्याला आपल्याकडे शारदा कायदा म्हणतात आणि पुष्कळांना तो देवलांच्या शारदेवरून वाटतो. प्रत्यक्षात ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांचे. चर्चेत हा खुलासा झाल्यावर एका आजोबांचा चेहरा पडला, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

पण त्याच चित्रपटात म्हाताऱ्याची मोठी, शिकलेली मुलगी घरी येते, वडिलांच्या या लग्नाविषयी तिला जे वाटते ते स्पष्ट बोलते आणि नीरेच्या बाजूने उभी राहते. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली आहे. रँग्लर परांजपे यांची ही मुलगी पडद्याबाहेरही कार्यकर्तीच होती. संततिनियमनासाठी त्यांनी आयुष्यभर काम केले, पुढे त्या राज्यसभेवर गेल्या. म्हणजे 1937 च्या पडद्यावर नीरेला पाठबळ देणारी बाई नुसती कथेतली नव्हती. छापील पानावर त्यांचे नाव नव्हते, व्याख्यानातही आले नाही. ध्वनियंत्रणेचीही त्या दिवशी कसोटी लागली आणि ती त्यात उतरली नाही. 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही, घड्याळाची टिकटिक, दारांचे, पावलांचे आवाज यांनीच प्रसंग भरलेले आहेत. दोन्ही बाजूंच्या कर्ण्यांतून गुंगुं आवाज येत असताना टिकटिक कुठून ऐकू येणार?

तिसऱ्या रविवारी 'सांगत्ये ऐका' आणि 'पिंजरा' असे दोन तमाशापट एकापाठोपाठ दाखवले. ही चूक होती. प्रेक्षक दमले, दुसऱ्या चित्रपटाच्या उत्तरार्धात निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि चर्चा झालीच नाही. प्राध्यापकांनी मात्र लॉरा मल्व्ही यांच्या 1975 च्या निबंधातल्या पुरुषी नजरेच्या सिद्धांतावर चाळीस मिनिटे घेतली. कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यांनी पाहतो आणि बाई पाहिली जाण्यासाठी उभी असते, हे थोडक्यात त्याचे सार. सिद्धांत हॉलिवूडच्या चित्रपटांवरून मांडलेला आहे. तो लावणीला जसाच्या तसा लावताना थोडे थांबायला हवे होते. फडावर नाचणारी बाई प्रेक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालून पाहते, शेरा मारणाऱ्याला तिथल्या तिथे उलट उत्तर देते, तिच्या गवळणीत मावशी होऊन आलेला पुरुष पुरुषांचीच टिंगल करतो. कॅमेरा आला की ते उत्तर कापले जाते आणि नुसती नजर उरते. हे सांगायला कवलापूरहून कोणीतरी यायला हवे होते. काळू-बाळूंचे कवलापूर सांगलीला लागूनच आहे, पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्षही याच जिल्ह्यातले, आणि बापूरावांबरोबर पवळाबाई उभी राहिली म्हणून त्यांचा फड गाजला हे इथल्या पोरालाही माहीत असते. आम्ही घरी जाताना एसटीत जाऊबाई 'बुगडी' गुणगुणत होत्या, साताऱ्याच्या वाटेवर सांडलेली ती. त्या गाण्यातला आवाज आशाबाईंचा, आणि आशाबाईंचा जन्मही सांगलीचाच, 1933 चा. एवढे सगळे हाताशी असताना व्याख्यान परदेशातल्या निबंधावर उभे राहिले.

चौथ्या रविवारचा 'उंबरठा' मी 1982 साली पहिल्यांदा पाहिला होता. तेव्हा मी मिरजेत बँकेत नुकतीच लागले होते, आणि स्मिता पाटील यांची सुलभा महाजन ही आम्हा नोकरीतल्या मुलींना स्वतःचीच गोष्ट वाटली होती. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकर यांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची 'बेघर'. वकील नवरा, समाजकार्यात वावरणारी सासू, लहान मुलगी असे घर सोडून सुलभा दूरच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते, तिथल्या गैरव्यवहारांशी झुंजते, हरून परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते, आणि ती पुन्हा निघते. प्राध्यापकांनी 'कर्ती' या विशेषणाखाली सुलभेचे चांगले विवेचन केले. घराबाहेर काम करणाऱ्या बाईला चित्रपट शेवटी एकटे पाडतो, यश देत नाही, ही त्यांची तक्रार होती आणि त्यावर बराच वेळ बोलणे झाले. मग माझी जाऊ, जी आठ रविवारांत एकदाच बोलली, माझ्याकडे वळून म्हणाली, "आक्का, ती गेली ते जावेनं पोर सांभाळली म्हणून. पोस्टरवर मात्र तिचं नाव बी नाही."

ते बोलणे माझ्यापुरतेच होते, पण पुढच्या दोन रांगांना ऐकू गेले आणि सगळे वळून पाहू लागले. खरोखरच सुलभेच्या बाजूने घरात एकटी तिची जाऊ उभी असते. मुलीला मी सांभाळते, तू जा, असे ती म्हणते म्हणून पुढचा सगळा चित्रपट घडतो. ही भूमिका आशालता यांची आहे. मी हा चित्रपट तीन-चारदा पाहिला, दर वेळी सुलभेबरोबर आगगाडीत बसले. मागे राहिलेल्या जावेकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. माझी नोकरी अठ्ठावीस वर्षे झाली. माझा मुलगा शाळेतून कोणाच्या घरी जात असे, त्याला दूध कोण देत असे, हे मी इथे सविस्तर लिहीत नाही. ज्यांना समजायचे त्यांना समजेल. बसमध्ये आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो, मग तिने नेहमीप्रमाणे शेंगांची पुडी काढली.

त्यानंतरचे चित्रपट मी दुसऱ्या बायकांवर नजर ठेवून पाहिले. 'अशी ही बनवाबनवी' हा 1988 चा विनोदी चित्रपट या मालिकेत ठेवल्याबद्दल काही जणांनी नाके मुरडली, पण निवड अचूक होती. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसून बायका होतात, कारण घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना खोली देते. भावे-फाळक्यांच्या काळी बाई मिळत नव्हती म्हणून पुरुषाने लुगडे नेसले, इथे खोली मिळत नाही म्हणून. हसून झाल्यावर ध्यानात येते, की या चित्रपटात दोन बायकांच्या हाती खरी सत्ता आहे. नयनतारा यांच्या लीलाबाईकडे खोली आहे, आणि अश्विनी भावे यांची माधुरी ही सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानाची मालकीण आहे, अशोक सराफ तिच्याकडे नोकर आहेत. मालकीण असणे हा तिचा गुणही नाही आणि दोषही नाही, ती असते इतकेच. 'कणखर स्त्री' दाखवतो असा आव आणणाऱ्या पुष्कळ चित्रपटांना हे जमलेले नाही. चर्चेत मात्र सगळा वेळ साड्यांवर गेला.

'माहेरची साडी'च्या दिवशी गर्दी सर्वांत जास्त होती. विजय कोंडके यांचा हा 1991 चा चित्रपट राजस्थानी 'बाई चाली सासरिये'वरून घेतलेला आहे, हे त्या दिवशी अनेकांना नव्याने समजले. आमच्या तासगाव तालुक्यातल्या माहेराहून त्या वेळी बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून हा चित्रपट पाहायला तालुक्याला गेल्या होत्या; माझी आई आयुष्यात जे चार-पाच चित्रपट चित्रपटगृहात पाहू शकली त्यांतला हा एक. म्हणून त्याची थट्टा करणाऱ्यांशी माझे पटत नाही. प्राध्यापकांनीही थट्टा केली नाही, अलका कुबल यांची लक्ष्मी सोसते ते बायकांना इतके जवळचे का वाटले याचा त्यांनी सहानुभूतीने विचार केला. तरी माझा आक्षेप राहतोच. मुलीच्या जन्माच्या वेळी आई गेली म्हणून तिला अपशकुनी मानणारा बाप (विक्रम गोखले) हे या कथेतल्या दुःखाचे मूळ आहे. पण सभागृहातला सगळा संताप उषा नाडकर्णी यांच्या सासूवर निघतो. बापाला शेवटी पश्चात्तापाचे अश्रू मिळतात, सासूला शिव्या मिळतात. उषाताईंनी भूमिका इतकी जिवंत केली आहे, की ही वाटणी कोणी केली हे विचारण्याचे भान राहत नाही. खालच्या तक्त्यात या चित्रपटाला सहज बरोबरची खूण मिळते, कारण बायका एकमेकींशी खूप बोलतात; काय बोलतात हे विचारायला तक्त्यात जागा नाही.

या सत्रानंतर, चहाच्या वेळी, चित्रपटांच्या वेशभूषा विभागात काही वर्षे काम केलेल्या एका पाहुण्या बाईंशी गप्पा झाल्या. त्या औपचारिक कार्यक्रमात नव्हत्या, कोणाच्या तरी ओळखीने आल्या होत्या. हिंदी चित्रपटसृष्टीतल्या एका कामगार संघटनेच्या नियमामुळे स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून काम करण्याची परवानगीच नव्हती, त्यांनी केशरचना करावी आणि रंग मात्र पुरुषाने लावावा अशी वाटणी होती, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2014 मध्ये रद्द केली, हे त्यांनी चहाचा कप हातात धरून सांगितले. नायिकेच्या चेहऱ्यावर गेली कित्येक दशके फक्त पुरुषाचा हात होता, ही गोष्ट पडद्यावरच्या स्त्रीविषयीच्या आठ व्याख्यानांत एकदाही आली नव्हती. त्या बाईंना मंचावर बोलवायला हवे होते. चहा देणाऱ्या बचत गटाच्या बायकांपैकी दोघी हे ऐकायला किटली ठेवून उभ्या राहिल्या, तेव्हा एका कार्यकर्त्याने त्यांना मागच्या रांगेत चहा पोहोचला नसल्याची आठवण करून दिली. चहा उत्तम होता, दहा रुपयांना, आले घातलेला; भजी दुपारची वेळ झाल्यापासून सुरू झाली आणि तीही चांगली होती.

सातव्या रविवारी 'सैराट'. नागराज मंजुळे यांचा 2016 चा हा चित्रपट मराठीत 100 कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला, आणि आर्चीच्या भूमिकेसाठी रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळालेला. बुलेट, ट्रॅक्टर, घोडा, विहीर यांवर 'बेधडक' या विशेषणाखाली अपेक्षित ते सर्व बोलून झाले. माझ्या मते आर्ची बुलेटवर बसते त्यापेक्षा उत्तरार्धात हैदराबादच्या झोपडपट्टीत घडते ते या विषयाला जास्त जवळचे आहे. पाटलाच्या वाड्यात वाढलेल्या आर्चीला घरकाम येत नाही. ती कारखान्यात कामाला लागते आणि परश्या डोशाच्या गाडीवर स्वयंपाकी होतो. पुरुष चुलीपुढे आणि बाई कारखान्यात, ही अदलाबदल चित्रपट कसलाही गाजावाजा न करता दाखवतो. आणि मग तोच परश्या संशयाने तिच्यावर हात उचलतो. डोसे करणारा हात आणि मारणारा हात एकाच माणसाचे आहेत, हे मंजुळे लपवत नाहीत. आणि ही दोन्ही कामे त्या दोघांना कोण मिळवून देते? सुमनअक्का. परक्या शहरात गुंडांच्या तावडीतून सोडवणारी, खोली देणारी, स्वतः गाडी चालवून पोट भरणारी ही बाई छाया कदम यांनी केली आहे. तिच्याविषयी कोणी बोलेना तेव्हा या वेळी मी हात वर केला. प्राध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतले, हा मुद्दा आपल्या टिपणात नव्हता असे सरळ मान्य केले आणि सुमनअक्काचा प्रसंग पुन्हा लावून दाखवला. व्याख्यात्याचा असा मोठेपणा मी क्वचित पाहिला आहे.

शेवटच्या रविवारचा केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' बहुतेकींनी 2023 मध्येच पाहिलेला होता, नऊवाऱ्या नेसून घोळक्याने. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींच्या या गोष्टीत पहिली आणि दुसरी रांग असा भेदच फारसा उरत नाही, म्हणून मला तो मालिकेच्या शेवटी शोभला. चित्रपट म्हणून तो मला काठावर पास वाटतो. प्रत्येक बहिणीची अडचण खेळाच्या एका फेरीसरशी सुटत जाते, आणि नवऱ्यांना फार सवंगपणे क्षमा मिळते. पण संपल्यावर खुर्च्या बाजूला सारून बायकांनी फुगड्या घातल्या, त्यात आतापर्यंत किटली घेऊन फिरणाऱ्या दोघीही होत्या, आणि चहा त्या दिवशी पुरुष कार्यकर्त्यांनी दिला. साखर थोडी जास्त पडली होती.

वर्गणीच्या मानाने मालिका महाग नाही. चित्रपटांची निवड पाचपैकी साडेचार गुणांची, व्याख्याने साडेतीन, ध्वनियंत्रणा दोन, स्वच्छतागृहाची किल्ली शून्य. आठपैकी सात व्याख्याने एकाच पुरुष वक्त्याने द्यावीत हे विषयाला धरून नाही, वक्ता कितीही चांगला असला तरी. पुढच्या वर्षीच्या मालिकेची नोंदणी दसऱ्यानंतर सुरू होईल असे सांगण्यात आले. नोंदणीच्या अर्जात स्त्रियांसाठी 'पतीचे अथवा वडिलांचे नाव' असा रकाना आहे, पुरुषांसाठी तो नाही; आम्ही दोघींनी त्या रकान्यात एकमेकींची नावे लिहून अर्ज दिले आणि कार्यकर्त्याने ते काही न विचारता स्वीकारून पावती फाडली.